प्रिंटर एक, संगणक तीन : पाळी लावली की सर्वांचे भागते

जून लागला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात दोन गोष्टींची घाई एकदम सुरू होते. एक पेरणीची आणि दुसरी कागदांची. सोयाबीनचे बी घरात येऊन पडलेले असते, डोळे आभाळाकडे लागलेले असतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात बँकेला पीक कर्जासाठी सातबारा आणि आठ-अ हवा असतो. मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असतो. आईला बचत गटाच्या बैठकीसाठी हिशेबाचा तक्ता छापून हवा असतो. पेरणीला पाऊस लागतो, तसा कागदाला प्रिंटर लागतो. पाऊस आपल्या हाती नाही. प्रिंटरची व्यवस्था मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

तुमच्या वाड्यात भावाभावांची दोन-तीन घरे असतील तर त्या घरांत मिळून दोन-तीन जुने संगणकही निघतील. एक एमएस-सीआयटीसाठी म्हणून घेतलेला असेल. हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला. दुसरा, पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने नवा घेतल्यावर गावी पाठवून दिलेला असेल. तिसरा तालुक्याच्या दुकानातून वापरलेला म्हणून आणलेला असेल. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने थांबवली आणि कालपरवापर्यंत बरे वाटणारे संगणकही 'जुने' ठरले. संगणक असे तीन, पण चालू प्रिंटर एकच, आणि तो थोरल्याच्या ओसरीवर.

मग काय होते? धाकट्याची मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन अंगण ओलांडते. काकांचा संगणक बंद असतो. तो सुरू होईपर्यंत वीज जाते. पेन ड्राइव्हबरोबर एका संगणकाचा रोग दुसऱ्यात जातो तो वेगळाच. शेवटी 'आपणही एक प्रिंटर घेऊन टाकू' असे धाकट्याच्या मनात येते.

घेण्याआधी थोडे थांबा. घरचा प्रिंटर वर्षातले बहुतेक दिवस रिकामा बसतो. शाईचा असेल आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात महिनाभर वापरला नाही, तर त्याच्या बारीक छिद्रांत शाई वाळते आणि दुरुस्तीचा खर्च उभा राहतो. म्हणजे तीन घरांत तीन प्रिंटर घेतले तर तिन्ही वाळण्याची भीती. एकच प्रिंटर तिघांनी वापरला तर तो आठवड्यातून दोनदा चालतो आणि शाई वाहती राहते.

विहिरीचाच न्याय

सामाईक विहीर तुम्हाला सांगायला नको. विहीर एक आणि हिस्सेदार तीन असले की चार गोष्टी ठरवाव्या लागतात. पाट कुठून जाणार, पाळी कोणाची कधी, विजेचे बिल कसे वाटायचे आणि कुंपण कोणी राखायचे. या चार गोष्टी ठरल्या तर एका विहिरीवर तीन मळे पिकतात. ठरल्या नाहीत तर पाणी असूनही भांडण होते. प्रिंटरचेही नेमके तसेच आहे. आपण त्याच क्रमाने पाहू.

त्याआधी एक गंमत सांगितली पाहिजे. संगणकांना तारेने जोडण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती मुळात एक प्रिंटर अनेकांना वापरता यावा म्हणूनच निघाली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची संशोधनसंस्था होती. तिथे गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ च्या सुमारास लेसर किरणांनी छापणारा प्रिंटर तयार केला. १९७३ साली त्याच संस्थेत प्रत्येकाच्या टेबलाजवळ ठेवता येईल असा 'आल्टो' नावाचा संगणक बनला. संगणक अनेक झाले, पण तो मोठा प्रिंटर एकच. मग रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या जोडीने तारेचे जाळे उभे केले. त्याचे नाव इथरनेट. आज तुमच्या घरच्या राउटरच्या मागे जी चौकोनी भोके दिसतात ती त्याच इथरनेटची. तेव्हा वाड्यातले तीन संगणक एका प्रिंटरला जोडणे म्हणजे काही जगावेगळे धाडस नव्हे. या जाळ्याचे ते पहिलेच काम आहे.

पाट : तार कशी न्यायची

पाट बांधण्याच्या तीन रीती आहेत. आपल्या सोयीची निवडावी.

पहिली रीत सर्वांत स्वस्त. दोन संगणक एकाच खोलीत असतील तर जाळ्याची गरजच नाही. यूएसबीचा खटका मिळतो. त्याला एका बाजूने प्रिंटर आणि दुसऱ्या बाजूने दोन संगणक लावायचे. बटण दाबले की प्रिंटर या संगणकाचा, पुन्हा दाबले की त्या संगणकाचा. पूर्वी पंचवीस टाचण्यांची जाड केबल असे, तेव्हाही फिरवायच्या खटक्याची पत्र्याची पेटी अशीच वापरत. दोन पथ्ये मात्र पाळावीत. छपाई चालू असताना खटका फिरवू नये आणि यूएसबीची केबल पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नये. लांब केली तर निरोप वाटेतच विरतो.

दुसरी रीत वाड्यासाठी. प्रिंटर एका संगणकाला जोडलेला असतो, त्याला आपण यजमान म्हणू. बाकीचे संगणक राउटरमार्फत यजमानाला जोडतात आणि यजमान त्यांचे काम प्रिंटरला देतो. यासाठी घरात इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. राउटर नुसता विजेवर चालू असला तरी वाड्यातले संगणक एकमेकांशी बोलतात. हे अनेकांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

तिसरी रीत सर्वांत सुटसुटीत. प्रिंटरलाच तारेचे चौकोनी भोक किंवा वायफाय असेल तर तो थेट राउटरला जोडावा. मग यजमानाची गरज उरत नाही. पण खेड्यापाड्यांत जे प्रिंटर फार दिसतात, कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेसरजेट १०२०, त्यांना फक्त यूएसबी आहे. त्यांना यजमान लागतोच.

आता आपल्या भागातली एक अडचण. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन तीन-तीन फूट जाडीच्या. वर माळवद. उन्हाळ्यात त्या गारवा देतात, पण वायफायला तितक्याच अडवतात. पत्र्याच्या खोलीचेही तेच. ओसरीवर पूर्ण असलेला वायफाय मधल्या खोलीत नाहीसा होतो आणि आपण प्रिंटरला दोष देत बसतो. अशा घरात तारच चांगली. इथरनेटची तार शंभर मीटरपर्यंत काम करते, म्हणजे बहुतेक वाड्यांना पुरून उरते. ती विजेच्या तारेला चिकटवून नेऊ नये, आणि उंदीर कुरतडणार नाहीत अशा नळीतून न्यावी.

मात्र एका घरावरून दुसऱ्या घरावर उघड्यावरून तांब्याची तार ओढू नका. मृगाच्या आधी वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात हे तुम्ही पाहता. जवळपास वीज पडली तरी त्या तारेतून धक्का येऊन दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात आणि माणसालाही धोका होतो. स्वतंत्र घरे असतील तर खिडकीसमोर खिडकी साधून वायफायने जोडावे. आभाळ गडगडू लागले की राउटर, संगणक आणि प्रिंटर यांच्या पिना भिंतीतून काढून ठेवाव्यात. कोंबड्या झाकतो तितक्याच नेमाने हे करावे.

घरनंबर आणि परवानगी

तार झाली. आता पत्ते. पोस्टमनला घरनंबर लागतो तसा जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला एक आकडा लागतो. राउटर तो आपोआप वाटतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. घोटाळा असा होतो की वीज जाऊन आली की राउटर कधी कधी नवे आकडे वाटतो. काल पाच नंबरला असलेला यजमान आज आठ नंबरला जातो आणि धाकट्याचा संगणक 'प्रिंटर सापडत नाही' म्हणतो. आपल्याकडे वीज रोजच जाते-येते, म्हणून ही तक्रारही फार. उपाय एकदाच करायचा आहे. राउटरच्या मांडणीत यजमानासाठी एक आकडा कायमचा राखून ठेवावा. गावातल्या संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला 'याचा आयपी पत्ता पक्का करून दे' एवढे सांगितले तरी तो समजतो.

मग परवानगी. विंडोज ७ किंवा १० असलेल्या यजमानावर कंट्रोल पॅनेल उघडा, डिव्हायसेस अँड प्रिंटर्समध्ये जा. आपल्या प्रिंटरवर उजवे बटण दाबून प्रिंटर प्रॉपर्टीज घ्या. तिथे शेअरिंगचे पान आहे. त्यावर शेअर धिस प्रिंटर या ओळीपुढे खूण करा. प्रिंटरला लहान, एकशब्दी नाव द्या. मध्ये जागा सोडू नका. सर्व संगणकांचे वर्कग्रुपचे नाव एकच ठेवा. जुन्या एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत हे नाव एमएसहोम असे, इतरांत वर्कग्रुप असते, आणि या एवढ्याशा फरकाने संगणक एकमेकांना दिसत नाहीत.

यजमानावर दोन गोष्टी आणखी करा. जाळे 'खासगी' किंवा 'होम' म्हणून नोंदवा, नाहीतर आतला पहारेकरी कोणालाच आत घेत नाही. आणि संगणकाला आपोआप झोपू देऊ नका. यजमान झोपला तर पाहुणे दारात उभे राहतात. मग दुसऱ्या संगणकावर अॅड प्रिंटर म्हणून हे नाव शोधा. ड्रायव्हर मागितला तर एक ध्यानात ठेवा. यजमान ३२ बिटचा आणि पाहुणा ६४ बिटचा असेल तर दोघांचे ड्रायव्हर वेगळे लागतात.

जुने आणि नवे यांचे पटत नाही तेव्हा

इथे बहुतेकांचे घोडे अडते. एक्सपीचा संगणक प्रिंटर वाटताना एसएमबी-१ नावाच्या जुन्या बोलीत बोलतो. त्याला दुसरी बोली येतच नाही. विंडोज १० ने २०१७ च्या अखेरीपासून ही बोली मुळातूनच बाजूला ठेवली. म्हणून एक संगणक बोलतो आणि दुसरा ऐकत नाही.

कोणी म्हणेल, नव्या संगणकात ती जुनी बोली पुन्हा सुरू करून टाका. तसे करता येते, पण करू नका. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा रोग याच बोलीतल्या एका दोषातून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरला. त्याने संगणकातली कागदपत्रे कुलूपबंद केली आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. विलायतेतल्या सरकारी रुग्णालयांची कामे त्याने अडवली. तुमच्या संगणकात मुलांचे दाखले आणि जमिनीचे कागद आहेत. एका प्रिंटरसाठी ते दार उघडे टाकणे शहाणपणाचे नाही.

२०२१ साली विंडोजच्या छपाईच्या भागातच मोठा दोष सापडला. तो बुजवताना कंपनीने नियम कडक केले आणि व्यवस्थित चाललेली सामाईक छपाई अनेकांची बंद पडली. तेव्हा कालपर्यंत चाललेले आज थांबले तर लगेच प्रिंटर उघडू नका. आधी कोणत्या संगणकाने स्वतःला सुधारून घेतले ते पाहा. अशा वेळी सर्व संगणकांना उपलब्ध सुधारणा द्यावी. एकाला देऊन दुसऱ्याला उपाशी ठेवू नये.

याहून भक्कम उपाय म्हणजे यजमान बदलणे. सर्वांत जुन्या संगणकावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली बसवावी. तिच्यात कप्स नावाची छपाईची व्यवस्था असते. १९९९ साली ती प्रथम लोकांपुढे आली, आणि पुढे अॅपल कंपनीनेही आपल्या संगणकांत तीच घेतली. कप्स आयपीपी ही वेगळी बोली बोलते. ती विंडोज १० ला समजते, ७ ला समजते आणि एक्सपीलाही समजते. त्यामुळे एसएमबी-१ चे दार न उघडता तिन्ही पिढ्या एका प्रिंटरवर छापू शकतात. एखाद्या जुन्या संगणकासाठी प्रिंटरचा स्वतःचा ड्रायव्हर मिळत नसेल तर तिथे साधा पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर निवडावा. पुढचे भाषांतर कप्स करून घेते.

पण लिनक्स बसवण्याआधी आपला प्रिंटर कोणता ते पाहा. वर सांगितलेला कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर फार हट्ट करतो. एचपीचा १०२० चालतो, पण त्याची एक खोड आहे. वीज गेली की तो आपला अंतर्गत पाठ विसरतो आणि पुन्हा चालू झाल्यावर संगणकाला तो पाठ त्याच्या कानात सांगावा लागतो. विंडोजमध्ये हे आपोआप होते. लिनक्समध्ये त्यासाठी एचपीचा जादा भाग घालावा लागतो. हे दोन प्रिंटर असतील तर विंडोजचाच यजमान ठेवणे सोपे.

पाळी : रांग कशी चालते

तिघांनी एकाच वेळी छापा म्हटले तर पाने एकमेकांत मिसळणार नाहीत का, असा प्रश्न पडतो. मिसळत नाहीत. यजमान प्रत्येकाचे काम आपल्याजवळ साठवून घेतो आणि आले त्या क्रमाने प्रिंटरला देतो. या साठवणीला स्पूल म्हणतात. गिरणीत डबे रांगेत ठेवतात तसेच हे. एकाचे दळण संपल्याशिवाय दुसऱ्याचा डबा चक्कीवर चढत नाही.

म्हणूनच छपाईला उशीर झाला म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. दहा वेळा दाबले तर रांगेत दहा डबे लागतात. मग प्रिंटर सुरू झाला की एकाच सातबाऱ्याच्या दहा प्रती बाहेर येतात आणि मागच्याचे काम खोळंबते. रांग तुंबली तर यजमानावर प्रिंटरची रांग उघडून सर्वांत पुढचे अडलेले काम रद्द करावे. तेही हटले नाही तर प्रिंट स्पूलर ही सेवा थांबवून पुन्हा सुरू करावी. प्रिंटर आपटून काही होत नाही.

प्रिंटर एका घरात आणि माणूस दुसऱ्या घरात असला की आणखी एक अडचण येते. कागद अडकला तरी छापणाऱ्याला कळत नाही. ही अडचण थोरामोठ्यांनाही आली आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेतला लेसर प्रिंटर असाच दूरच्या मजल्यावर होता. कागद अडकला की सर्वांना संदेश जावा म्हणून त्यांना त्याची आज्ञावली बदलायची होती, पण ती त्यांना मिळाली नाही. या अनुभवाने त्यांना जो विचार करायला लावला, त्यातून १९८३ साली मुक्त आज्ञावलींची चळवळ उभी राहिली. आज फुकट मिळणाऱ्या लिनक्स प्रणालींत तिचा मोठा वाटा आहे. आपल्या वाड्यासाठी मात्र साधा नियम पुरे. पाच पानांपेक्षा जास्त छापायचे असेल तर आधी हाक मारायची आणि प्रिंटरजवळ जाऊन उभे राहायचे.

मराठी मजकुराबद्दलही एक सूचना. बचत गटाचा जुना हिशेब श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात लिहिलेला असेल तर ज्या संगणकात तो टंक नाही तिथे अक्षरांची रांगोळी दिसते. दोष प्रिंटरचा नसतो. जिथे मजकूर नीट दिसतो तिथेच त्याची पीडीएफ करावी आणि ती छापावी. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

हिशेब : शाई कोणाची, कागद कोणाचा

यंत्र जोडणे सोपे असते, मने जोडलेली ठेवणे अवघड. प्रिंटर थोरल्याच्या घरी असला की शाई त्याच्या खिशातून जाते. तो बोलत नाही, पण मनात राहते. म्हणून हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवावा.

वर सांगितलेल्या दोन्ही लेसर प्रिंटरांच्या मूळ काडतुसातून कंपनीच्या मोजणीप्रमाणे सुमारे दोन हजार पाने निघतात. ही मोजणी पानाचा शंभरातला पाचच भाग काळा धरून केलेली असते. आधार कार्डाची गडद छायाप्रत काढली तर शाई कितीतरी जास्त जाते. समजा, टोनर पुन्हा भरून घ्यायला तीनशे रुपये पडले आणि त्यात दीड हजार पाने निघाली, तर पानाला वीस पैसे. पाचशे कागदांची रीम समजा तीनशेची, तर पानाला साठ पैसे. झाले ऐंशी पैसे. दुरुस्तीसाठी वीस पैसे धरून पानाला एक रुपया ठरवावा. तुमच्या गावचा भाव घालून हा हिशेब तुम्ही करा. मग त्याच्याशेजारी तालुक्याला जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेला अर्धा दिवस मांडून पाहा.

प्रिंटरशेजारी दोरी बांधलेली वही ठेवावी. तारीख, नाव, पाने, एवढेच लिहायचे. महिनाअखेर पैसे डब्यात टाकायचे. लहान मुलांच्या हाती ही वही द्यावी, ती मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात.

विजेचाही हिशेब आहे. लेसर प्रिंटर तापताना एकदम पुष्कळ वीज ओढतो. त्याला लहान यूपीएसवर लावला तर यूपीएस बंद पडतो, म्हणून तो थेट भिंतीवर लावावा. यजमान आणि राउटर मात्र बॅटरीवर असावेत. शाईच्या टाकीचा प्रिंटर फार थोडी वीज घेतो, तो इन्व्हर्टरवर खुशाल चालतो. ज्या गावात दिवसा वीज कमी, त्यांनी नवीन घेताना हे लक्षात ठेवावे. पावसाळ्यात रीम उघडी ठेवू नये, दमट कागद अडकतो. मळणीच्या दिवसांत प्रिंटर थंड झाल्यावर कापडाने झाकावा, भुशाने त्याचे रूळ घसरतात.

कुंपण : कागद आपला, काळजीही आपली

सामाईक प्रिंटरवरून जे कागद जातात त्यांत आधार असते, बँकेचे पासबुक असते, कधी दवाखान्याचा कागदही असतो. म्हणून छापलेले पान तिथेच सोडून जाऊ नये. वाया गेलेले पान चुलीत घालावे, वाण्याच्या पुडीला देऊ नये. शेजाऱ्याचे काही छापून दिले तर काम होताच त्याची प्रत संगणकातून काढून टाकावी. वायफायचा परवलीचा शब्द पेठेत सांगत फिरू नये. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आहे. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि शक्य असेल तर त्यांना इंटरनेटच देऊ नये. छपाईसाठी त्यांना वाड्यातले जाळे पुरते.

कागद लागतो का, हे आधी विचारा

शेवटी एक अनुभव आपल्याच महाराष्ट्रातला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा परिसरात १९९८ साली सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. आपल्या उसाची माहिती शेतकऱ्याला गावातल्या केंद्रावरच छापून मिळू लागली, त्यासाठी कारखान्यापर्यंत जावे लागेना. पुढे आठ-नऊ वर्षांनी संशोधकांनी सात गावांत वेगळा प्रयोग केला. तीच माहिती संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशाने दिली. ती पद्धत स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीची वाटली. उसाचे वजन कळायला कागदच हवा असे नव्हते.

आपणही हा विचार करावा. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर होते. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो, आणि अनेक ठिकाणी त्याची पीडीएफ पाठवली तरी चालते. जिथे कागद लागत नाही तिथे छापू नये. जिथे लागतो तिथे मात्र तो वेळेवर हाती आला पाहिजे. शेवटच्या तारखेला दुकानापुढे रांगेत उभे राहून पेरणीचा दिवस घालवण्यात काही अर्थ नाही.

तेव्हा पेरणीआधीच्या एखाद्या रविवारी तिन्ही भावांनी, जावांनी आणि पोरांनी मिळून एक दुपार या कामाला द्यावी. तार ओढावी, यजमानाचा पत्ता पक्का करावा, तिन्ही संगणकांवरून एकेक पान छापून पाहावे आणि वहीच्या पहिल्या पानावर तिघांनी ठरवलेला भाव लिहावा. मग जूनच्या घाईत ज्याला कागद हवा त्याने आपल्याच घरी बटण दाबावे आणि अंगणापलीकडे जाऊन कागद घेऊन यावा. जाताजाता थोरल्याच्या घरी चहाही होतो.